दर उन्हाळ्यात दुपारी तीनला एमसीबी पडतो, बिल दीडपट येतं: उद्यमबागच्या आमच्या शेडमध्ये शेवटी काय सापडलं

होळी झाली की आमच्याकडं हे सुरू. दुपारी तीनच्या आसपास ऑफिसचा एमसीबी (करंट जास्ती झाला की आपोआप पडणारा ब्रेकर) खटकन पडणार, कॉम्प्युटर बंद, वर केबिनमधनं मालकांची हाक, "काय गा, परत गेली काय?" आणि मी शिडी चढून बोर्डाकडं. मार्चच्या शेवटापासनं वळीव पडेपर्यंत हाच खेळ, सलग तीन उन्हाळे. जोडीला बिल. फेब्रुवारीच्या दीडपट मे महिन्यात, आणि काम काय वाढलेलं नसतंय, उलट लग्नसराईत निम्मी माणसं सुट्टीवर. पहिली दोन वर्षं आम्ही चुकीच्या जागी पैसे घातले म्हणून हे लिहितोय, दुसऱ्या कुणाचे तरी वाचूदेत.

आधी जागा कशी आहे ते सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. बेळगावात उद्यमबागेत शेड, वर जीआय पत्रा, खाली दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं), तीन लेथ, एक ड्रिलिंग, साडेसात एचपीचा कॉम्प्रेसर. फौंड्रीतनं बिडाचं कास्टिंग येतं, ते मशिनिंग करून द्यायचं, जॉबवर्क. ऑफिस म्हणजे शेडच्याच पश्चिमेच्या कोपऱ्यात पोटमाळ्यावर काढलेली केबिन, पत्र्याखाली पीओपीचं छत, पश्चिमेला मोठी काच (मालकांना रस्ता दिसायला पाहिजे), दीड टनाचे दोन एसी, सहा माणसं. मेंटेनन्स म्हणजे मीच, परचेसपण मीच, आणि चहा सांगायचा तोही मीच. ह्या चहाचं पुढं येतंय.

आता कोण म्हणेल बेळगावात कसला आलाय उन्हाळा. खरंय, गाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, अथणी-रायबागसारखं भाजत नाही, संध्याकाळी पश्चिमेचं वारं सुटलं की बरं वाटतं. पण ते झाडाखाली बसणाऱ्याला. पत्र्याखाली दुपारी दोनला येऊन बघा.

पहिल्या वर्षी आम्ही एसीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला गॅस कमी झालाय, भरला, पैसे घेतले, गेला. दुसऱ्या वर्षी परत गॅस कमी. तिसऱ्या वर्षी मी विचारलं, गॅस जातो कुठं ओ? एसीतला गॅस काय गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद पाइपात तोच फिरतो, कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक आहे, आणि लीक न शोधता नुसता भरायचा म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. दर वर्षी गॅस भरायला लागत असेल तर साबणाचं पाणी लावून जॉइंट तपासायला सांगा, तुमच्यासमोर. आमच्या एकाचा फ्लेअर नट (गॅसचा पाइप जोडायचा नट) ढिला निघाला. दुसऱ्याचा गॅस पूर्ण होता, त्याचं दुखणं वेगळंच होतं.

दुसऱ्या वर्षी त्याहून मोठा शहाणपणा केला, ३२ अँपिअरचा एमसीबी काढून ४० चा बसवला. वायर तीच जुनी. आठ-दहा दिवस काय पडला नाही, सगळे खूश, मग एका दुपारी केबिनभर जळक्या प्लास्टिकचा वास. न्यूट्रलचा जॉइंट वितळलेला. आग लागली नाही हे आमचं नशीब. हे सोडून बाकी काहीही करून बघा: एमसीबी वायरला वाचवायला असतोय, तो पडतोय म्हणून मोठा बसवायचा नाही.

लाइनमन आले होते कंप्लेंटवरनं, बोर्डाकडं बघून एवढंच म्हणाले, "लोड जास्ती ऐत्री," म्हणजे लोड जास्ती आहे. आम्हाला वाटलं टाळतोय. बरोबर होतं त्यांचं, फक्त कुठला लोड आणि कधी, ते आम्हीच बघायला पाहिजे होतं.

तर तिसऱ्या उन्हाळ्यात मी काय केलं, बोर्डाशेजारी भिंतीवर पेन्सिलनं वेळ लिहायला चालू केलं. पडला की वेळ आणि तारीख, दुसरं काय नाही. पंधरा दिवसांत भिंत सांगायला लागली: ३.०५, ३.१०, ३.०८, ३.२०, ३.०५. सगळ्यात जास्त ऊन तर साडेबाराच्या आसपास असतंय, तेव्हा का पडत नाही? तीनला आमच्याकडं काय होतंय? चहा. दोन हजार वॅटची इलेक्ट्रिक किटली.

हिशेब मांडला. दीड टनाचे जुने दोन एसी, एकेक आठ अँपिअर धरा, म्हणजे सोळा. किटली नऊ. वॉटर कूलर तीन, कॉम्प्युटर-प्रिंटर चार, पंखे-ट्यूब तीन. झाले ३५. ब्रेकर परत ३२ चाच बसवलेला. आता जाणकार म्हणेल की ३२ चा एमसीबी ३५ वर लगेच पडत नाही, थोडं जास्ती तो बराच वेळ सहन करतोय. बरोबर. पण त्याच्यावरचा आकडा साधारण ३० डिग्री तापमानाला धरलेला असतोय, आत गरमीनं वाकणारी पट्टी असते, आजूबाजूलाच गरम असलं की ती आधीच अर्धी वाकलेली. आमचा बोर्ड नेमका पश्चिमेच्या भिंतीवर, बाहेरनं ऊन, आत बंद पेटी, तीन वाजता पेटीला हात लावला तर चटका बसल्यासारखं. तसल्या गरमीत ३२ चा ब्रेकर २८ च्या आसपासचाच राहिला असणार. त्यात दुपारी व्होल्टेज उतरतंय, ते उतरलं की एसीच्या कॉम्प्रेसरची मोटर उलट जास्ती करंट ओढते. सगळं एकाच वेळी तीनला जमून यायचं. हिवाळ्यात तीच किटली, तोच एमसीबी, एसी बंद, भिंत गार, काहीही होत नव्हतं म्हणून कुणाला संशय आला नाही.

आणि खरी गंमत पुढं. शेडला थ्री फेज (आर, वाय, बी अशा तीन लाइनी), पण ऑफिसचं सगळंच्या सगळं एका फेजवर. पूर्वी तिथं एक टेबल आणि एक पंखा होता तेव्हाची वायरिंग, मग एकेक वस्तू वाढत गेली आणि ज्यानं त्यानं जवळच्या पॉइंटला जोडली. लायसन्सवाल्या वायरमन मामांना बोलावून एक एसी आर फेजवर, एक वायवर, वॉटर कूलर आणि बाकी बीवर असं वाटून घेतलं, प्रत्येक एसीला वेगळी वायर वेगळा एमसीबी, बोर्ड उत्तरेच्या भिंतीवर हलवला, सगळे स्क्रू आवळले. किटली गेली, गॅसची शेगडी आली. त्या दिवसापासनं आजपर्यंत एकदापण पडलेला नाही. खर्च एका जुन्या एसीच्या निम्म्याहून कमी.

पडायचं थांबलं, बिल मात्र तसंच. ते वेगळं प्रकरण आहे हे कळायला अजून एक महिना गेला.

मालकांचं ठाम मत, एसी जुने झालेत, फाइव्ह स्टार इन्व्हर्टर घेऊ. मी म्हटलं मालक, आठ दिवस द्या. आणि एक साधी गोष्ट केली जी पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होती. रात्री आठला शटर ओढताना मीटरचं रीडिंग लिहिलं, सकाळी साडेआठला उघडायच्या आधी परत लिहिलं. आत कोण नाही, मशिन बंद, एसी बंद. फरक ११ युनिट.

अकरा युनिट! कोण खातंय?

दुसऱ्या रात्री अर्धा तास जास्ती थांबून क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा) घेऊन एकेक वायर बघत बसलो, बायकोचा फोन, काय करालाय म्हणून, म्हटलं चोर शोधालोय. सापडले ते सगळे घरचेच. वॉटर कूलर रात्रभर कुणासाठी पाणी बर्फासारखं करत बसलेला. सर्वो स्टॅबिलायझर, त्याच्यावर काही चालत नसलं तरी आतला ट्रान्सफॉर्मर घुमतच असतोय. सीएनसी ऑपरेटर कंट्रोल बंद करून जातात पण मेन आयसोलेटर (मशिनचा मुख्य स्विच) चालूच, पॅनेलचे फॅन फिरालेत. एसीचे स्टॅबिलायझर, यूपीएस, बाहेरचा दिवा, कॅमेऱ्याचा डीव्हीआर. एकेक बघितला तर काय नाही, सगळे मिळून पाऊण-एक किलोवॅट, साडेबारा तास, शिवाय सुट्टीच्या दिवशी चोवीस तास. डीव्हीआर आणि बाहेरचा दिवा सोडून बाकी सगळ्याला एकच बंद करायचं बटण, शटरशेजारी, जाताना शेवटच्या माणसानं ओढायचं. आता रात्रीचा फरक अडीच-तीन युनिट. महिन्याला अडीचशेच्या आसपास युनिट वाचली आणि ह्यात उन्हाळ्यात कुणाला घाम आला असं काहीच नाही.

वॉटर कूलर तर ऑफिसातनं काढलाच, खाली हलवला, त्याला टायमर. वर दोन माठ ठेवले, खानापूरचे. पहिल्यांदा पोरं हसली, आता माठ भरायचा राहिला तर ओरडतात.

मग एसी. इथं एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची, एसी गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतोय. म्हणून दोन प्रश्न: आत येतीय किती आणि बाहेर टाकायला जागा आहे काय. आमच्या दोन्ही आउटडोअर युनिटना पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याच्या छपरीखाली कोंबलेलं, समोरासमोर, एकाची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडात. त्यावर बिडाची काळी धूळ आणि तेलाचा थर, जाळीतनं पलीकडचं दिसत नव्हतं. गॅस पूर्ण असून गार न करणारा एसी म्हणून बदनाम झाला होता तो हाच. दोन्ही उत्तरेला सरकवली, मधे अंतर, कॉइल साध्या पाइपच्या पाण्यानं धुतली. प्रेशर वॉशरनं धुवायची नाही, पातळ पंख्या वाकतात, मग हवाच जात नाही. आतले फिल्टर आमच्यासारख्या धुळीच्या जागेत दर पंधरा दिवसांनी धुवा, कंपनीच्या पुस्तकात महिना लिहिलेला असला तरी.

रिमोटवर १८ लावलं की लवकर गार होतं हा गैरसमज तेवढा सगळ्यांच्या डोक्यातनं काढता आला नाही. १८ लावा नाहीतर २४ लावा, साधा एसी तेवढ्याच जोरानं गार करतो, फरक इतकाच की १८ ला तो थांबतच नाही. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचा हिशेब आहे की एक डिग्री वर नेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि जानेवारी २०२० पासनं नवीन रूम एसी सुरूच २४ वर होतात ते त्यामुळंच. आमच्याकडं १८ वरनं २५ वर आणला म्हणजे कागदावर चाळीस टक्के. तेवढं मिळालं नाही खरं सांगायचं तर, कारण दार सारखं उघडतंय, खालनं पोरं जॉबकार्ड घेऊन येतात. दाराला डोअर क्लोजर लावला, आणि डोक्यावर दोन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे. जुना पंखा ७५ वॅट खायचा, हा तीस-पस्तीस. पंखा चालू असला की २६ पण सुसह्य होतं. अकाउंट्सच्या मॅडमना थंडी वाजायची बंद झाली, त्या आधी मे महिन्यात स्वेटर घालून बसायच्या, बाहेर पत्रा तापलेला आणि आत स्वेटर, हेच बिल होतं आमचं.

आत येणारी उष्णता म्हणजे पत्रा आणि काच. पत्र्यावर चुना मारायचा जुना उपाय आहे, स्वस्त आहे, त्यात थोडा फेविकॉल घातला की चिकटून राहतो. अडचण आमच्या भागात अशी की एप्रिलच्या शेवटी वळीव येतोय आणि एका गारपिटीत निम्मा चुना वाहून अंगणात. पहिल्या वर्षी चुना मारून बघितला, फरक जाणवला, म्हणून दुसऱ्यांदा पांढरा रूफ पेंट मारला, फक्त ऑफिसच्या वरच्या भागाला, पूर्ण शेडला परवडत नव्हतं. पीओपी आणि पत्रा ह्यांच्या मधली हवा कोंडून तापायची, तिथं दोन्ही टोकाला जाळी लावून वाट काढून दिली. शेडवर वाऱ्यानं फिरणारे दोन टर्बो व्हेंटिलेटर, त्यांना करंट लागत नाही. आधी लोक मंगलोरी कौलं घालायचे ते काय वेडे नव्हते, पण आता कौलं घालणारा माणूस मिळत नाही.

काचेला आतनं पडदा लावून फारसा उपयोग नाही, ऊन काचेतनं आत आलं म्हणजे आलंच, पडदाच तापून बसतो. ऊन बाहेरच अडवायला पाहिजे. बाहेरनं हिरवी शेडनेट बांधली, वीतभर अंतर सोडून. मालकांना रस्ता थोडा हिरवा दिसतोय.

पाण्यावर चालणारा हवेचा कूलर घ्यावा काय असं बरेच जण विचारतात. अथणीत माझ्या मेव्हण्याचं दुकान आहे, तिथं मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत कूलर एसीला मागं टाकतोय, खिडकी उघडी पाहिजे एवढंच. बेळगाव-खानापूरकडं मे उजाडला की पश्चिमेकडनं दमट हवा यायला लागते, मग कूलर नुसता ओलावा करतो. आणि मशिनिंगच्या जागेत तर नकोच, तयार जॉबवर गंज चढतो. बंद खोलीत एसी आणि कूलर दोन्ही लावणारेपण बघितलेत, एक पाणी सोडतोय आणि दुसरा तेच पाणी काढत बसलाय.

आता खालचा मोठा राक्षस, कॉम्प्रेसर. उन्हाळ्यात हा जास्ती खातो हे खरं आहे पण थोडंच, आत जाणारी हवा चार डिग्रीनं गरम असली तर साधारण एक टक्का वीज जास्ती. शेडच्या आतली कोंदट हवा घेण्यापेक्षा उत्तरेच्या भिंतीतनं पाइप काढून बाहेरची हवा दिली, फुकटात झालं. खरी गळती दुसरीच. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशिनं बंद असताना उभा राहून घड्याळ लावलं: कोण हवा वापरत नाही तरी कॉम्प्रेसर दीड मिनिट चालतोय, तीन मिनिटं थांबतोय, परत दीड मिनिट. चाललेला वेळ भागिले एकूण वेळ, दीड भागिले साडेचार, म्हणजे तेहतीस टक्के हवा नुसती फुसफुस जातीय. मशिनच्या आवाजात ऐकू येत नाही, जेवणाच्या सुट्टीतच येतं. क्लॅम्प, कपलिंग, फाटलेले पाइप, ड्रेनचा व्हॉल्व्ह, एक तर लेथजवळ पोरांनी वाऱ्यासाठी म्हणून एअर गन थोडी दाबून बांधून ठेवलेली. उकडतंय म्हणून! त्यांना रागवायला तोंड नव्हतं, त्यांच्या डोक्यावर पंखा नव्हताच. पंखा लावून दिला, गन सोडवली. प्रेशर ८ किलोवरनं (किलो म्हणजे साधारण बारच) साडेसहावर आणलं, आमच्या चकला (जॉब पकडून ठेवणारा जबडा) तेवढं पुरतं, एक बार कमी केला तर सहा-सात टक्के वाचतात. आता तीच चाचणी घेतली तर चाळीस सेकंद चालतोय, पाच मिनिटं थांबतोय.

सीएनसीवाल्यांसाठी एकच. दुपारी पॅनेल ओव्हरहीटचा अलार्म आला की पॅनेलचं दार उघडून समोर टेबल फॅन लावायची पद्धत सगळीकडं आहे, आमच्याकडंपण होती. बिडाची धूळ लोखंडाचीच, ती ड्राइव्हवर (मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) बसली की एक दिवस ठो. दार बंद ठेवा, पॅनेलच्या फिल्टरचा स्पंज काढून बघा, नव्वद टक्के वेळा तोच चोंदलेला असतोय.

बिल वाचायचं तेवढं शिकून घ्या. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेची २०० युनिटपर्यंतची मोफत वीज घरच्या मीटरला, वर्कशॉपला नाही, तरी दर वर्षी कोणतरी विचारतंय. निगदित शुल्क म्हणजे फिक्स्ड चार्ज, तो मंजूर लोडवर लागतो, तुम्ही एक युनिट वापरा नाहीतर हजार. मीटर मॅक्झिमम डिमांड, म्हणजे महिन्यातला सगळ्यात जास्ती लोड, तोपण नोंदवतो, मंजूर लोडच्या वर गेलात तर जादा आकार. म्हणून सकाळी शटर उघडलं की दोन्ही सीएनसी, कॉम्प्रेसर, दोन्ही एसी एकदम चालू करायचं बंद केलं, पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं एकेक. पॉवर फॅक्टरची (ओढलेल्या करंटातला कामाला किती लागला त्याचा आकडा) ओळ बघा, ती घसरली असेल तर तो सुधारायला लावलेला कपॅसिटर फुगलाय काय ते बघायचं, उन्हाळ्यात फुगतातच.

वेळ बदलायचा प्रयोग ह्या वर्षी केला. विजापूर-बागलकोटकडं सरकारी ऑफिसं एप्रिल-मेमध्ये सकाळी ८ ते दुपारी दीडपर्यंत चालवतात, मग आपण का नाही? सात ते साडेतीन शिफ्ट लावली. खालच्या पोरांना आवडली, उन्हाच्या आत जड कास्टिंग उचलून होतात. ऑफिसवाल्यांनी आठवडाभरात मोडली, कारण फौंड्रीवाल्यांचे फोन चारनंतरच येतात.

एकूण गेल्या मे महिन्याचं बिल त्याच्या आधीच्या मे पेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी आलं, नवीन एसी न घेता. काच अजून पश्चिमेलाच आहे. तिथं अर्धी भिंत बांधायचं मी दोनदा काढून बघितलं, मालक म्हणाले रस्ता दिसायला पाहिजे. तिसऱ्यांदा पावसाळ्यात काढणार, तेव्हा ती काच गळते.